पदकाची अट आणि घड्याळाची साक्ष

स्पर्धात्मक जलतरणातील अव्वल खेळाडूंना सार्वजनिक निधीतून नियमित अर्थसाहाय्य द्यावे काय, हा प्रश्न भारतात जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा त्याला एक तयार उत्तर मिळते. या देशाला ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे एकही पदक आजवर मिळालेले नाही, तेव्हा नेमबाजी, कुस्ती, बॅडमिंटन, भालाफेक अशा पदक देणाऱ्या खेळांच्या वाट्याचा पैसा तलावाकडे वळवण्यात अर्थ नाही. पोहणाऱ्यांनी आधी पदक आणावे, मग शासनाने त्यांना खुशाल कोटीचे बक्षीस द्यावे, असे ते उत्तर आहे. करदात्याच्या हिताची भाषा वापरत असल्यामुळे ते सुज्ञपणाचे वाटते, आणि क्रीडा खात्याच्या बैठकांपासून वर्तमानपत्रांच्या स्तंभांपर्यंत सर्वत्र ते फारशी उलटतपासणी न होता स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की, हे उत्तर कोणत्याही खेळाच्या बाबतीत अपुरे असले, तरी जलतरणाच्या बाबतीत ते सरळसरळ चुकीचे आहे. कारण खेळाडूची पात्रता पदकाच्या कितीतरी वर्षे आधी अचूक मोजून दाखवण्याची जी सोय या खेळात आहे, ती फार थोड्या खेळांत आढळते.

ही सोय म्हणजे घड्याळ. कुस्तीगिराची किंवा बॅडमिंटनपटूची गुणवत्ता समोरच्या प्रतिस्पर्ध्याच्या संदर्भातच कळते, आणि तो प्रतिस्पर्धी कोल्हापूरचा आहे की टोकियोचा यावर निकालाचा अर्थ बदलतो. जलतरणात तसे नसते. मान्यताप्राप्त ५० मीटरचा तलाव सगळीकडे ५० मीटरचाच असतो, पाण्याचे तापमान नियमाने ठरलेल्या मर्यादेत ठेवावे लागते, भिंतीवर बसवलेल्या स्पर्शपट्टीला हात लागताच वेळ शतांश सेकंदापर्यंत आपोआप नोंदली जाते, आणि त्यामुळे पुण्याच्या बालेवाडीत पोहलेल्या १०० मीटरची तुलना रोममध्ये पोहलेल्या १०० मीटरशी थेट करता येते. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये एका शर्यतीचे सुवर्ण दोन सहस्रांश सेकंदाच्या फरकावर दिले गेले. तलावाच्या दोन लेन बांधकामात तितक्या अचूकपणे सारख्या करणेच शक्य नसते हे लक्षात आल्यावर शतांशापलीकडची मोजणी निकालासाठी वापरणे बंद झाले. इतक्या बारकाईने स्वतःच्या मापनाचीच तपासणी करणारा खेळ सरकारला सांगतो आहे की, अमुक मुलगी सोळाव्या वर्षी जगातल्या सोळा वर्षांच्या मुलींच्या तुलनेत नेमकी कोठे आहे आणि गेल्या दोन वर्षांत तिचे अंतर घटले की वाढले. आणि सरकार उत्तर देते की पदक दिसल्याशिवाय आम्हाला काहीच ठरवता येत नाही. मोजमाप हाती असताना ते न पाहण्याला आर्थिक शिस्त म्हणता येणार नाही.

पदकाची अट घालणाऱ्यांना या खेळाचा काळ किती लांब असतो याची कल्पना बहुधा नसते. जागतिक दर्जाचा जलतरणपटू आठव्या-नवव्या वर्षी तलावात उतरतो, तेराव्या-चौदाव्या वर्षापासून आठवड्यातले सहा दिवस, बहुतेक वेळा सकाळी आणि संध्याकाळी असा दोन वेळचा सराव करतो, आणि त्याची सर्वोत्तम वेळ विशीच्या आसपास किंवा त्यानंतर येते. या दहा-बारा वर्षांत त्याला प्रशिक्षक, स्नायूंच्या दुखण्यांवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, थंडीतही गरम पाण्याचा तलाव, सरावातील थकवा मोजणाऱ्या रक्ततपासण्या आणि परदेशातील स्पर्धांचा प्रवास एवढे सगळे लागते. शर्यतीच्या दिवशी घालायचा घट्ट विणीचा सूटसुद्धा थोड्याच शर्यतींनंतर सैल पडून निकामी होतो आणि नवा घ्यावा लागतो. यांपैकी प्रत्येक खर्च पदकाच्या आधीचा आहे. पदकानंतर मिळणारे बक्षीस हा खर्च मागे जाऊन भागवू शकत नाही. तो ज्यांच्या कुटुंबाने आधीच भागवला आहे, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचते.

सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगचे उदाहरण पुरस्कारवादी मंडळी हमखास देतात, आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत जिंकली आणि आपल्या देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. त्याच्या मागे मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लो आणि लास्लो चेह हे तिघेही ५१.१४ सेकंदांची एकच वेळ नोंदवून रौप्याचे वाटेकरी झाले. सिंगापूरच्या पदक-पुरस्कार योजनेनुसार स्कूलिंगला १० लाख सिंगापूर डॉलर मिळाले आणि त्यातील पाचवा हिस्सा नियमाप्रमाणे प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय जलतरण संघटनेकडे गेला. यावरून मोठे बक्षीस ठेवले की विजेता तयार होतो असा निष्कर्ष काढला जातो. परंतु हा मुलगा किशोरवयातच अमेरिकेत फ्लोरिडातील बोल्स शाळेत गेला, पुढे टेक्सास विद्यापीठाच्या संघात पोहला, आणि त्याच्या आईवडिलांनी या साऱ्यावर केलेला खर्च बक्षिसाच्या रकमेहून कमी नव्हता, हे त्याच्या विजयानंतर सर्वत्र प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या कुटुंबाकडे तेवढी रक्कम आधी घालण्याची ऐपत होती, त्याच कुटुंबाच्या मुलाला ते बक्षीस मिळवण्याची संधी होती. निवडक क्रीडापटूंना आधीच वेतनवजा आधार देणारी शिष्यवृत्ती योजना सिंगापूरने २०१३ मध्ये सुरू केली, याचा उल्लेख मात्र बक्षिसाच्या चर्चेत सहसा येत नाही.

महाराष्ट्रातही चर्चा बक्षिसापाशीच येऊन थांबते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, राज्य शासनाने १ कोटी रुपये जाहीर केले, आणि त्यानंतर कित्येक आठवडे हरियाणा कांस्यासाठी अडीच कोटी देते मग महाराष्ट्र कमी का देतो यावर वाद चालला. कुसाळेला मिळालेला प्रत्येक रुपया त्याच्या हक्काचा होता, याविषयी दुमत नाही. परंतु त्या वादात त्याच्या मागच्या पंधरा वर्षांचा हिशेब कोणी मांडला नाही. जलतरणाच्या संदर्भात तो मांडून पाहावा. केंद्र सरकारच्या टार्गेट ऑलिंपिक पोडियम योजनेत, म्हणजे २०१४ पासून चालू असलेल्या 'टॉप्स' योजनेत, मुख्य गटातील खेळाडूला दरमहा ५०,००० रुपये हातखर्च मिळतो. या दराने १ कोटी रुपयांत २०० महिने निघतात. चार जलतरणपटूंना एका पूर्ण ऑलिंपिक चक्रात, म्हणजे चार वर्षे, दरमहा ही रक्कम दिली तर ९६ लाख रुपये लागतात. एका कांस्यपदकाच्या बक्षिसातून चार जणांची चार वर्षे निभावतात, आणि तरीही मासिक मानधनाला उधळपट्टी व बक्षिसाला प्रोत्साहन म्हटले जाते.

बक्षिसाच्या पद्धतीत दडलेला अन्याय विरधवल खाडेच्या कारकिर्दीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठे दिसेल. कोल्हापूरचा हा मुलगा २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला योग्य प्रशिक्षणासाठी बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे जावे लागले होते, कारण त्या दर्जाची व्यवस्था घराजवळ नव्हती. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य जिंकले. त्याआधीचे भारताचे आशियाई जलतरण पदक खजानसिंगचे होते, १९८६ सालच्या सोलचे; मधे चोवीस वर्षे गेली होती. पुढे राज्य शासनाने खाडेची तहसीलदार म्हणून नेमणूक केली. सरकारी नोकरी हा महाराष्ट्रात खेळाडूला दिला जाणारा सर्वात मोठा आधार समजला जातो, आणि खेळ संपल्यानंतरच्या आयुष्यासाठी तो आहेही; पण महसूल खात्यातली ती खुर्ची दिवसातून दोनदा सराव करणाऱ्याची खुर्ची नव्हे, आणि पाण्यापासून काही महिने दूर राहिलेल्या जलतरणपटूला हात-पायांना असलेली पाण्याची जाणीव परत मिळवायला त्याहून अधिक महिने लागतात. असे असूनही २०१८ मध्ये जकार्तातील आशियाई क्रीडा स्पर्धेत हाच तहसीलदार ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून गेला आणि अंतिम शर्यतीत एका शतांश सेकंदाने चौथा आला.

त्या एका शतांशाने शासनाच्या नोंदीत काय फरक पडला ते पाहावे. तिसऱ्यासाठी बक्षिसाची तरतूद होती, चौथ्यासाठी नव्हती. दोघांची गुणवत्ता, दोघांनी केलेले कष्ट आणि दोघांवर झालेला खर्च यांत अंतर काढता येणार नाही. उलट खाडेची सकाळची वेळ कांस्य मिळवणाऱ्याच्या अंतिम वेळेहूनही चांगली होती. पदकाचे मोजमाप हे सगळे शून्य ठरवते, घड्याळाचे मोजमाप ते पूर्ण टिपून ठेवते. कोणत्या मोजमापावर सार्वजनिक पैसा खर्च करणे अधिक न्याय्य आहे, हे ठरवण्यासाठी याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकून खाडेने निवृत्ती घेतली.

पदक आले तरी पैसा वेळेवर येतो, हाही समज खरा नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकून त्यांनी देशाला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनंतर. 'आधी पदक आणा' हे म्हणणे त्यांनी अक्षरशः पाळले होते. अमरावतीची कांचनमाला पांडे ही जन्मतः दृष्टिहीन जलतरणपटू २०१७ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेला गेली तेव्हा मंजूर निधी वेळेत न पोहोचल्याने तिच्यावर परक्या देशात उसनवारीची पाळी आली, ही बातमी त्या वेळी देशभर छापली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मेक्सिकोत तिने जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचे, म्हणजे एकाच शर्यतीत चारही प्रकारांनी पोहण्याचे, सुवर्ण मिळवले. अर्थसाहाय्याचा आकडा जितका महत्त्वाचा तितकीच त्याची तारीखही महत्त्वाची असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले, आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी खात्यात जमा होणारे मानधन हेच त्यावरचे उत्तर आहे.

पदकवाद्यांचा दुसरा आधार परदेशी अनुभवाचा असतो: प्रगत देश जिंकणाऱ्या खेळांवरच पैसा लावतात, असे सांगितले जाते. ब्रिटनचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सर्व खेळांत मिळून एकच सुवर्ण मिळाले, त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट निर्वाह देण्याची व्यवस्था उभी राहिली, आणि तरीही २००० मध्ये सिडनीहून ब्रिटिश जलतरणपटू एकही पदक न घेता परतले. 'पदक नाही तर पैसा नाही' हे सूत्र त्या वर्षी लावले असते तर ब्रिटिश जलतरणाचा अध्याय तेथेच संपला असता. तसे झाले नाही. ऑस्ट्रेलियाहून बिल स्वीटनहॅम यांना आणून संपूर्ण कार्यक्रमाची फेरमांडणी झाली, २००४ मध्ये दोन कांस्ये आली, २००८ मध्ये रेबेका अ‍ॅडलिंग्टनने ४०० आणि ८०० मीटर फ्रीस्टाइलची दोन सुवर्णे जिंकली, आणि टोकियोत ब्रिटनच्या जलतरणपटूंनी चार सुवर्णांसह आठ पदके मिळवली. शून्यापासून आठपर्यंतचे अंतर कापायला एकवीस वर्षे लागली. या वाटचालीत पदकसंख्येनुसार निधी कापण्याचे कठोर प्रयोगही ब्रिटनने केले, २०१२ च्या निराशेनंतर जलतरणाचा निधी कमी झाला आणि वॉटरपोलोसारख्या खेळाचा तर संपूर्ण बंद झाला, हे येथे लपवण्याचे कारण नाही. परंतु कापण्यासाठीसुद्धा आधी काही दिलेले असावे लागते. ऑस्ट्रेलियाने १९७६ च्या माँट्रिऑलमध्ये एकही सुवर्ण न मिळाल्यावर जे केले तेही असेच होते: अपयशाचा अर्थ खर्च थांबवण्याचा इशारा असा न लावता त्या देशाने १९८१ मध्ये कॅनबेरा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन केली.

सरकारने कशाला, खासगी प्रायोजक आहेत ना, असा तिसरा मुद्दा येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या खर्चात ऑलिंपिक व पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश केलेला आहे आणि काही कंपन्या व न्यास या क्षेत्रात मनापासून काम करतात, ही चांगली गोष्ट आहे. तथापि प्रायोजकाला दिसणारा चेहरा हवा असतो, आणि जलतरणपटूचा चेहरा वर्षातले बहुतेक दिवस पाण्याखाली असतो. जगभरातल्या तारांकित जलतरणपटूंना घेऊन २०१९ मध्ये सुरू झालेली इंटरनॅशनल स्विमिंग लीग एका धनाढ्य उद्योजकाच्या पैशावर चालली, तीन हंगाम झाले, २०२२ चा हंगाम रद्द झाला आणि कित्येकांच्या मानधनाची थकबाकी राहून गेली. खासगी भांडवल येथे पूरक ठरू शकते, पाया ठरू शकत नाही.

आधाराची ही पोकळी कोण भरून काढते, याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या जलतरणपटूला आंतरराष्ट्रीय महासंघाकडून २०,००० डॉलरच्या आसपास रक्कम मिळत असताना, बंदी असलेली उत्तेजके उघडपणे घेऊन पोहण्याची मुभा देणाऱ्या 'एन्हान्स्ड गेम्स' नावाच्या उपक्रमाने विश्वविक्रमाहून सरस वेळेसाठी १० लाख डॉलर देऊ केले, ग्रीसच्या क्रिस्टियन गोलोमीवने २०२५ मध्ये ते मिळवल्याचे जाहीर झाले, आणि पॅरिसचा रौप्यविजेता ब्रिटनचा बेन प्राउडही त्याच वर्षी त्या उपक्रमात सामील झाला. उत्तेजकांचा हा बाजार निंद्य आहे आणि महासंघाने त्यात भाग घेणाऱ्यांवर बंदी घातली हे योग्यच झाले. पण तिशीच्या उंबरठ्यावर, शिल्लक काहीच नसलेल्या खेळाडूला केवळ बंदीचा धाक दाखवणे पुरेसे नाही. प्रामाणिकपणे पोहणाऱ्याला प्रामाणिकपणे जगता येईल एवढे उत्पन्न असणे, हा उत्तेजकविरोधी धोरणाचाच भाग मानला पाहिजे.

यापेक्षा वेगळ्या पातळीवरचा आणि खरोखर गंभीर असा आक्षेप सामाजिक न्यायाचा आहे. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे पाण्यात बुडून मरतात, त्यांत नदी, विहीर, शेततळे आणि खाणीच्या खड्ड्यांत बुडणाऱ्या मुलांची संख्या मोठी असते. अशा देशात आधी प्रत्येक मुलाला पोहायला शिकवावे की मूठभर स्पर्धकांना पोसावे, असे विचारले जाते. दोहोंतून एकच निवडणे खरोखर भाग असेल, तर मुलांना वाचवणेच निवडले पाहिजे, यात शंका नाही. पण ही निवड कोणत्या अर्थसंकल्पात समोर आली आहे? अव्वल जलतरणपटूंचे मानधन रोखल्यामुळे एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहण्याचे वर्ग सुरू झाले, असे कोठेही घडलेले नाही. जेथे तलावच बंद पडतात तेथे दोघेही एकदमच उपाशी राहतात. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून देशातले तलाव बंद झाले आणि खेळाडूंच्या सरावासाठी ते उघडायला ऑक्टोबर उजाडला, त्या जूनमध्ये खाडेने निवृत्तीचा विचार करावा लागेल असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा शिकाऊ मुलेही पाण्याबाहेरच होती. तलाव, जीवरक्षक आणि प्रशिक्षक ही दोन्ही उद्दिष्टांची सामाईक गरज आहे, आणि निवृत्त स्पर्धकांना उत्पन्नाची हमी नसल्यामुळे ते प्रशिक्षणाकडे न वळता मिळेल त्या नोकरीत जातात, तेव्हा नुकसान शिकणाऱ्या मुलांचेही होते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की, पोहणारी मुले सुखवस्तू घरांतली असतात, त्यांना सरकारी मदत कशासाठी. निरीक्षण बऱ्याच अंशी बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्या खेळात बारा वर्षांचा खर्च घरातून करावा लागतो त्या खेळात सुखवस्तूच उरणार. गरीब घरातली मुले नसणे हा आधार न दिल्याचा परिणाम आहे, तो आधार न देण्याचे कारण म्हणून पुढे करता येत नाही. नद्यांच्या काठी वाढलेली, पाण्याची भीती नसलेली मुले महाराष्ट्रात कमी नाहीत. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात आणि कोकणच्या खाड्यांवर ती पिढ्यानपिढ्या पोहत आली आहेत. त्यांना ५० मीटरच्या तलावापर्यंत आणणारी आणि तेथे दहा वर्षे टिकवणारी व्यवस्था नाही.

आता अर्थसाहाय्य कोणत्या कसोटीवर द्यावे, हा प्रश्न. ऑलिंपिकसाठी प्रत्येक शर्यतीची एक पात्रता वेळ ठरवलेली असते, तिला 'अ' निकष म्हणतात. ती गाठणाऱ्याचा प्रवेश थेट होतो. ज्या देशाचा कोणीच पात्र ठरत नाही, त्याला सर्वांना प्रतिनिधित्व मिळावे या हेतूने एक पुरुष व एक महिला पाठवता येते. २०२१ च्या जूनमध्ये रोमच्या स्पर्धेत सजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून 'अ' निकष पार केला, तो असे करणारा पहिला भारतीय. पाठोपाठ श्रीहरी नटराजच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या ५३.७७ सेकंदांनाही मान्यता मिळाली. सजन त्याआधी मानेच्या मणक्याच्या दुखापतीतून गेला होता, आणि थायलंडमधील त्याच्या सरावाला जागतिक महासंघाच्या शिष्यवृत्तीचा आधार होता. तीन वर्षांनी पॅरिससाठी हेच निकष अनुक्रमे १ मिनिट ५५.७८ आणि ५३.७४ सेकंद झाले. म्हणजे दोघांनी आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ जशीच्या तशी पुन्हा पोहली असती, तरी दोघेही अपात्र ठरले असते. श्रीहरी तर अवघ्या तीन शतांशांनी. जग पुढे सरकत असताना नुसते टिकून राहण्यालाही वाढता खर्च लागतो, आणि पॅरिसला भारताकडून श्रीहरी व चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू हे दोघे गेले ते सर्वसमावेशक प्रतिनिधित्वाच्या जागांवर.

'टॉप्स' योजनेने दरमहा हातखर्चाचे तत्त्व मान्य केले हे तिचे मोठे श्रेय आहे. तिची अडचण दारातल्या कसोटीत आहे: या किंवा पुढच्या ऑलिंपिकमध्ये पदक संभवते काय, असे ती विचारते, आणि जलतरणात प्रामाणिक उत्तर बहुतेकांच्या बाबतीत 'अद्याप नाही' असेच येते. खालच्या पायरीवर खेलो इंडियाचे खेळाडू दरमहा १०,००० रुपये मिळवतात. या दोन पायऱ्यांच्या मधे, अठरा ते चोवीस या वयात, जेव्हा सराव सर्वांत कठोर आणि घरच्यांचा धीर सर्वांत कमी असतो, तेव्हा जलतरणपटू गळतात. तेथे पदकाऐवजी वेळेची कसोटी लावावी: मागील जागतिक स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोहोचवणारी सोळाव्या क्रमांकाची वेळ आधार धरून, तिच्यापासून खेळाडू किती टक्के दूर आहे आणि ते अंतर वयाच्या मानाने घटते आहे काय, यावर मानधनाची श्रेणी ठरवावी. वेळा सार्वजनिक असल्यामुळे निवड समितीच्या मर्जीला येथे फारसा वाव उरत नाही, आणि सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने हा गुण लहान नाही. अंतर घटणे थांबले तर मानधन टप्प्याटप्प्याने कमी व्हावे. दुखापतीचा काळ मात्र त्यातून वगळावा, नाहीतर सजनसारखा खेळाडू परत येण्याच्या आधीच यादीतून गेलेला असेल.

काळही थांबून राहिलेला नाही. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय यांच्या ५० मीटरच्या शर्यती प्रथमच समाविष्ट झाल्या असून तलावातील शर्यतींची संख्या ३५ वरून ४१ झाली आहे. ज्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये खाडेने आशियाई कांस्य जिंकले, ती त्याच्या काळात ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकवर भारताने दावा सांगितला आहे. त्या वर्षी अंतिम फेरीत पोहू शकेल अशी मुलगी आज दहा-बारा वर्षांची आहे, आणि तिचे पालक तिला तलावावर ठेवायचे की केवळ शिकवणीला घालायचे हे या एक-दोन वर्षांतच ठरवणार आहेत.

म्हणून महाराष्ट्र शासनाने बक्षिसाच्या रकमांवरची स्पर्धा बाजूला ठेवून येत्या अर्थसंकल्पात अव्वल जलतरणपटूंच्या मासिक मानधनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, त्याची कसोटी घड्याळावर बांधावी, मानधन मिळणाऱ्यांच्या वेळा दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध कराव्यात, आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नियुक्ती मिळालेल्या खेळाडूला स्पर्धेची वर्षे संपेपर्यंत सेवाज्येष्ठता न गमावता रुजू होणे लांबवता येईल, असा शासन निर्णय काढावा.